मला नवा लॅपटॉप नको होता

आमच्या घरात कुठल्याही वस्तूची परीक्षा ती उचलून होते. फणस असो, काजूची पिशवी असो, नाहीतर कुणी भेट दिलेली चादर असो, आईनं दोन्ही हातांवर तोलून पाहिली की निकाल लागला. माझा चुलतभाऊ जहाजावरच्या नोकरीतून सुट्टीला आला आणि त्यानं आपला जुना लॅपटॉप मला द्यायला म्हणून मेजावर ठेवला, तेव्हाही आईनं तो उघडला नाही. उचलला, जरा वरखाली केला आणि म्हणाली, "हलको आसा. खांद्यार वजन जावचां नाय. रोज येवन-जावन करूक बरो."

रोज येऊन-जाऊन. माझं सगळं भांडण नेमकं त्याच्याशीच होतं.

मी नुकतीच बारावी झाले होते आणि पणजीतल्या एका कॉलेजात इंटेरियर डिझाइनला प्रवेश मिळाला होता. आमच्या हळर्णहून पणजीला जायचं म्हणजे सकाळच्या बसनं म्हापसा, तिथून दुसरी बस, मग चालत चढण, आणि संध्याकाळी हेच उलट. घरच्यांना यात काहीच वावगं दिसत नव्हतं. निम्मा गाव असाच नोकरीला जातो. बाबा म्हापशाला एका कचेरीत कारकून, तेही माझ्या जन्माच्या आधीपासून असेच जातात आणि येतात. मला मात्र होस्टेलवर राहायचं होतं. घरात काही जाच होता म्हणून नव्हे. कधी उठायचं, काय खायचं, आज कुणाशी बोलायचंच नाही, हे एकदा तरी माझं मला ठरवायचं होतं.

माझ्या पायाला भिंगरी आहे असं सगळे म्हणतात आणि ते खरंच आहे. मी चहा उभ्यानं पिते. फोनवर बोलताना अंगणाला फेऱ्या घालते. मयेला आजोळी गेले तर तळ्यापर्यंत जाऊन आल्याशिवाय मला पाणीसुद्धा गोड लागत नाही. एका जागी बसून राहिले की अंगात काहीतरी सरसरायला लागतं. आई म्हणते, जन्मलीस तेव्हाही पाळण्यात टिकली नाहीस. मी म्हणते, मग चूक पाळण्याची.

तर लॅपटॉप. चुलतभावाचा तो जुना वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू. विकत घेतला तेव्हा भलताच भारी समजला जात असणार. राखाडी, धातूचा, पाटीएवढा पातळ, आणि टाइप करायला इतका सुरेख की उगाचच काहीतरी लिहावंसं वाटे. पण बॅटरी मोजून एका तासिकेची. खोलीचं चित्र आतून-बाहेरून फिरवून दाखवणारं जे सॉफ्टवेअर आम्हाला लागायचं, ते सुरू केलं की त्याचा पंखा घरघरायला लागे आणि पडदा गोठून जाई. म्हापशाच्या दुरुस्तीवाल्याला मेमरी वाढवून दे म्हटलं, तर तो म्हणाला, इतक्या पातळ मशीनमध्ये सगळं आतच डकवलेलं असतं, वाढवायला जागा ठेवलेली नाही. म्हणजे त्याचा हलकेपणाच त्याला नडत होता.

आणि म्हापशातल्याच एका दुकानात काचेच्या आलमारात नवा होता. जवळजवळ तेवढाच हलका, बॅटरी दिवसभर पुरणारी, आणि ते खोलीचं चित्र बोटाच्या इशाऱ्यावर गरगर फिरवणारा. मी येता-जाता त्याला भेटून येत असे. दुकानदार सुरुवातीला काढून दाखवायचा. पुढे पुढे तो मला बघून न बघितल्यासारखं करायला लागला.

घरी आले की मी व्हिडिओ लावून बसायची. जुना वरच्या दर्जाचा बरा की नवा मधल्या दर्जाचा, या एका प्रश्नावर जगात इतकी माणसं इतकं बोलतात हे मला तेव्हा कळलं. एक म्हणे, जुन्याच्या बांधणीला तोड नाही, नव्यात निव्वळ प्लास्टिक. दुसरा म्हणे, जुन्याला दोन वर्षांनी कुणी विचारणार नाही. मी सकाळी जुन्याच्या बाजूची असे आणि जेवल्यावर नव्याच्या. या सगळ्या माणसांपैकी एकालाही माझ्या काकांसारखा काका नसणार. आमच्या थोरल्या काकांचं गावात बस थांब्यासमोर दुकान आहे. त्यांनी तो जुना लॅपटॉप सरळ आपल्या काट्यावर ठेवला, दुसऱ्या पारड्यात साखरेची पुडी ठेवली, काटा लॅपटॉपकडे जरासाच झुकलेला पाहिला आणि जाहीर केलं, "साखर किलोभर, हो तेच्यापरस इल्लोसो चड. नेवंदे तेका. हेच्यापरस हलको आणि काय व्हयो?"

काकांनी जाहीर केलं म्हणजे संपलं, कारण ते नुसते दुकानदार नाहीत. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा आहे. आमच्याकडे कुठलीही नवी गोष्ट सुरू करायची तर देवापुढे नारळ ठेवतात, आणि जाणता माणूस सगळ्यांच्या वतीनं देवाशी मोठ्यानं बोलतो. बाकीच्यांनी हात जोडून प्रत्येक वाक्यामागे "व्हय म्हाराजा" म्हणायचं. बोलायला शिकतो तेव्हापासून आम्ही हे म्हणतो, त्यामुळे त्यासाठी डोकं लागत नाही, तोंडच म्हणून टाकतं. गाऱ्हाण्यात जे बोललं गेलं ते मात्र पक्कं. त्यात मागाहून दुरुस्ती नाही.

कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या रविवारी आम्ही सगळे देवळात गेलो. मी नवा सलवार-कमीज घातला होता आणि तो मानेला टोचत होता. माझं लक्ष सगळं त्या टोचण्याकडे आणि सभामंडपाच्या खांबावर चढणाऱ्या मुंग्यांकडे. काकांनी घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या लेकरान तुझ्या पायाकडे नारळ ठेवलो हा, तो मान्य करून घे!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यां चेडू उद्यापासून पणजेक शिकाक जातला. तेका विद्या दी, बुद्धी दी!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या भावान दिलेलो कंप्युटर तेका लाभूंदे!"

"व्हय म्हाराजा!"

"सकाळच्या बशीन ह्यां जाईत, आणि रोज सांजच्या बशीन सुखरूप घराक येईत, असां कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. पायऱ्यांवर चपला घालताना मला उमगलं की मी काय कबूल करून बसले ते. एका दमात जुना लॅपटॉपही घेतला आणि रोजची बसही. मी आईचा पदर ओढला आणि म्हटलं, माझं लक्ष नव्हतं. आई म्हणाली, "देवाचां आसता."

मग ते दिवस सुरू झाले. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंपू वाजायच्या आत मी आंघोळ करून तयार. उंडा चहात बुडवायला वेळ नाही, तो हातात घेऊनच थांब्याकडे धावायचं. बसमध्ये उभी, बॅग पोटाशी धरलेली. म्हापशाला उतरायचं, धावायचं, पुन्हा उभी. कॉलेजात शिरल्यावर पहिलं काम म्हणजे प्लगजवळची जागा पकडणं. बाकीच्या मुली लॅपटॉप घेऊन झाडाखाली, कँटीनमध्ये, जिन्यात कुठेही बसत. मी भिंतीला बांधलेली. पायाला भिंगरी असलेल्या मुलीच्या नशिबी प्लगची जागा यावी याचा मला दिवसातून दहा वेळा संताप येई.

घरी परतले की थांब्यावर बाबा उभे असत. ते आधीच्या बसनं आलेले असत, पण घरी न जाता काकांच्या दुकानाशी टेकून माझी बस येईपर्यंत थांबत. मी उतरले की चालायला लागत, मी मागून. बॅगही मागत नसत. त्यांना वाटे, मुलीला आपलं ओझं आपण नेता आलं पाहिजे. मला वाटे, मग थांबता कशाला? सातवीतल्या मुलीला आणायला आल्यासारखं मला लाजल्यासारखं होई, आणि मी मुद्दाम इतकी भरभर चाले की घर येईपर्यंत मीच पुढे असे.

पावसाळा अर्धा उलटेपर्यंत मी होस्टेलचं कारण शोधून काढलं. कारण खरंच होतं, शोधायला लागलं नाही. जुन्या लॅपटॉपवर काम पुरं होत नव्हतं, म्हणून मला कॉलेजच्या लॅबमध्ये बसावं लागे. लॅब बंद होईपर्यंत बसले तर म्हापशाहून आमची शेवटची बस निघून जाई. म्हणून काम नेहमी अर्धवट, आणि वर्गात माझ्याच खोल्यांना भिंती असत पण उजेड नसे. मी हे घरी सांगायला सुरुवात केली. चहा पिताना सांगितलं, कपडे वाळत घालताना सांगितलं. बॅटरी सांगितली, पंखा सांगितला. जनेल उघडून त्याच्या कठड्यावर तो लॅपटॉप ठेवून सगळ्यांना त्याची घरघर ऐकवली. बाबा ऐकून घेत. आई विळीसारख्या आदोळीवर बसून खोबरं कातत होती. तिनं कातणं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे नवो लॅपटॉप घेतलो काय घरातच काम जातला. मगे लॅबबी खंयची लागाची नाय."

इतके दिवस घसा फोडून मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेत होते. जो लॅपटॉप मला हवा होता तोच मला घरी बांधून घालणार होता, आणि ज्याला मी उठता-बसता शिव्या घालत होते तोच मला बाहेर काढू शकत होता. माझ्या एवढ्या साध्या बाबतीत दोन्ही रस्ते उलटे निघावेत! त्या दिवशी मी अंगणाला इतक्या फेऱ्या घातल्या की शेजारणीनं विचारलं, कुणाची वाट बघतेस का.

दुसऱ्या दिवसापासून मी जुन्याची वकिली सुरू केली. तसा चांगला आहे तो, म्हटलं. नव्याला काय सोनं लागलंय? पडदा गोठतो, पण मग सुटतोही. आहे त्यात भागवलं पाहिजे. मला वाटलं, घरचे म्हणतील, बरं, भागव, आणि लॅबसाठी राहा तिकडे. पण माझ्या हुशारीत एक भोक होतं. घरच्यांनी त्यातलं फक्त "भागवलं पाहिजे" एवढंच ऐकलं.

बाबा तर विरघळलेच. आयुष्यात कधी कुणाकडे माझं कौतुक न करणारा माणूस, पण मी आत असताना ते दुकानाच्या फळीवर बसून काकांना सांगत होते, "आमचां चेडू शाणां झालां. नवो नको म्हणता. आमका सांभाळून घेता." काका म्हणाले, "कॉलेजाक गेल्यार अक्कल येता." मी आत साबणाच्या खोक्यांमागे उभी होते. बाहेर येऊन खरं सांगावं असं फार वाटलं. सांगितलं नाही.

चतुर्थी झाली, पाहुणे गेले, आणि एका शनिवारी बाबा म्हापशाहून नेहमीच्या बसनं आले ते छातीशी एक खोकं धरून. पावसात ते भिजू नये म्हणून त्यांनी आपला रेनकोट काढून त्याला गुंडाळला होता आणि स्वतः चिंब भिजले होते. खोकं त्यांनी मेजावर ठेवलं. काकांना बोलावणं गेलं. आईनं हात पुसले, लॅपटॉप बाहेर काढला, तोलला आणि म्हणाली, "हलको." बाबांचा चेहरा असा फुलला होता की मला बघवेना.

"शाणपणान रवलंस," ते म्हणाले. "म्हणान हाडलो. आता थंय लॅबीत बसाक नको. हय बस, घरात."

तोच होता. आलमारातला. मी रडायला लागले. त्यांना वाटलं आनंदानं, आणि आईही डोळे टिपायला लागली. त्यानं माझं डोकं आणखी फिरलं.

"माका नको हो!"

"कित्या गो?"

"माका थंय रवाचां आसा!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या महिन्यांत मी बसबद्दल बोलले होते, बॅटरीबद्दल, पंख्याबद्दल, लॅबच्या वेळेबद्दल बोलले होते. हे वाक्य मी आज पहिल्यांदा उच्चारत होते.

आई म्हणाली, "देवाकडे सांगलेलां आसा, रोज घराक येतला म्हणान. तूच व्हय म्हटलंस, सगळ्यांपरस मोठ्यान." काका म्हणाले, गाऱ्हाण्यातलं मोडता येत नाही, आजवर कुणी मोडलेलं नाही. बाबांनी दोघांकडेही पाहिलं नाही. डोक्यावरून पाणी निथळत होतं ते पुसलंही नाही.

"हय काय कमी पडता तुका?" त्यांनी विचारलं.

मी पुष्कळ विचार केला. भांडायला काहीतरी मिळावं म्हणून मी सगळं घर मनातल्या मनात धुंडाळलं.

"काय कमी पडत नाय," मी म्हटलं. "म्हणानच."

याचा अर्थ मला तरी पुरता कळला होता का, कोण जाणे. बाबा उठले आणि बाहेर सोप्यावर जाऊन बसले.

नंतरचे दिवस भयंकर गेले. खोकं मेजावर तसंच पडून होतं आणि आम्ही त्याच्या कडेकडेनं ताटं ठेवून जेवत होतो. मी जुना लॅपटॉप घेऊन कॉलेजला जात होते, शेवटच्या बसनं येत होते. बाबा थांब्यावर उभे असायचेच, पण आता मी भरभर चालत नव्हते. आम्ही बरोबरीनं चालायचो आणि दोघंही गप्प. मला वाटे, ओरडावं यांनी, नाही म्हणावं, एकदाचं काय ते संपवावं. वाट बघणं मला जमतच नाही. मी पाण्याचा तांब्या आपटला, दार आपटलं, मांजरावर ओरडले. घरातल्या कुणीही मला एका शब्दानं काही म्हटलं नाही, आणि त्याचाच त्रास जास्त झाला.

मग एका सकाळी बूट घालता घालता, माझ्याकडे न बघता, बाबा म्हणाले, "आयतारी सामान बांद." एवढंच म्हणाले आणि बसला गेले.

आईनं बांधाबांध केली ती पणजीत काही खायला मिळतच नाही अशा हिशेबानं. बिमलांचं लोणचं, सोलं, चण्याच्या पिठाचे लाडू. मी विचारलं, देवाचं काय? ती बरणीला फडका बांधत होती. म्हणाली, "तां तुझो बापूस बघता." आणि तिनं फडक्याला आणखी एक गाठ मारली.

रविवारी दुपारची बस. थांब्यावर बाबांनी माझी मोठी बॅग आत चढवली, ती घसरेल म्हणून परत काढली, दुसरीकडे लावली. नवा लॅपटॉप माझ्या पाठीवर होता आणि खरोखरच त्याचं वजन कळत नव्हतं. कंडक्टर काकांच्या दुकानात चहा पीत होता, म्हणून बस सुटायला अजून वेळ होता. मी आत चढून खिडकीशी बसले, उठले, दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसले. काका दुकानातून उतरून माझ्या खिडकीखाली आले. ते माझ्यावर अजून रागावलेले होते हे त्यांच्या चालण्यावरून कळत होतं.

"सकाळी तुझ्या बापसान माका देवळात व्हेलो," ते म्हणाले. "परत गाऱ्हाणां घाल म्हणान. आमी दोगच. इतकी वर्सां मी देवाकडे बोलतंय, पण माका शिकवूक कोण येवक नाय आजून."

"बाबानी काय शिकवलां?"

"मी आपलो घालूक लागलंय, दर सुट्टेक तेका सुखरूप घराक येवंदे रे म्हाराजा. तर तेणां माका मधीच आडयलां." काकांनी बसच्या दाराकडे पाहिलं. तिकडे बाबा वाकून, माझ्या बॅगेचा पट्टा कुठे दारात अडकतोय का ते बघत होते. "म्हणता, 'येवंदे' म्हणू नको. 'तेका येवचां वाटूंदे' म्हण."

एवढं सांगून काका वळले आणि कंडक्टरला चहाचा पेला लवकर रिकामा कर म्हणून ओरडले.

बस अजून जागची हललीसुद्धा नव्हती. बाबा तिथेच खाली उभे होते. आणि मला घरी यावंसं वाटायला लागलं. इतका राग आला मला.